प्रथिने वाढवण्याआधी तीन प्रश्न

‘प्रथिनांनी शुगर वाढत नाही ना?’ मधुमेही वाचकांच्या पत्रांत हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येतो. कुणी जिममधल्या प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून व्हे पावडरचा डबा आणलेला असतो. कुणी भात-पोळी बंद करून नुसती उसळ आणि अंडी खायला सुरुवात केलेली असते आणि आता दुपारी हात थरथरतात. कुणी शुगर लो झाल्यावर पेलाभर दूध प्यायलेले असते, तरी घाम थांबलेला नसतो. कुणाच्या टाइप 1 असलेल्या मुलीची शुगर रात्री चिकन खाऊन झोपताना ठीक असते आणि पहाटे मात्र चढलेली दिसते.

या चारही तक्रारींचे मूळ एकच आहे. प्रथिने पचून त्यांची अमिनो आम्ले होतात आणि ही आम्ले स्वादुपिंडावर थेट काम करतात. तिथून ती दोन हार्मोन सोडायला लावतात, आणि त्या दोघांचे काम परस्परविरुद्ध आहे. त्यामुळे एकाच जेवणाने एकाची शुगर उतरते, दुसऱ्याची चढते, तर तिसऱ्याची जागच्या जागी राहते. तुमच्या बाबतीत काय होईल, हे तीन प्रश्नांवर ठरते: मधुमेह कोणत्या प्रकारचा, औषध कोणते आणि किडनी कशी आहे.

आयसीएमआर-इंडियाब पाहणीच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. गोव्यात हे प्रमाण 26.4 टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक निघाले. तेव्हा हा प्रश्न अनेक घरांत कुणा ना कुणाचा आहेच.

निर्णयापुरते शास्त्र

स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात आणि अल्फा पेशी ग्लुकागॉन. इन्सुलिन रक्तातली साखर स्नायूंत आणि चरबीत पोचवते, यकृताला साखर सोडू देत नाही. ग्लुकागॉन यकृताला नेमकी उलट आज्ञा देते: साखर सोड.

अमिनो आम्ले या पेशींत आपोआप झिरपत नाहीत. पेशीच्या आवरणात ठरावीक वाहक प्रथिने असतात, ती दारे समजा. कोणते आम्ल कोणत्या दाराने शिरते आणि शिरताना सोबत काय आणते, यावर पुढचा परिणाम ठरतो.

- आर्जिनिन: याच्यावर धन विद्युतभार असतो. ते आत शिरते तेव्हा तो भारही आत जातो, आवरणावरचा विद्युतदाब बदलतो, कॅल्शियम आत येते आणि साठवलेले इन्सुलिन बाहेर पडते. रक्तात साखर जास्त असेल तेव्हा हा परिणाम अधिक जोरदार असतो.
- ल्युसिन: हे आत गेल्यावर ग्लुटामेट डीहायड्रोजिनेज नावाच्या विकराला चेतवते. पेशीतली ऊर्जा वाढते, पोटॅशियमची वाहिनी बंद होते आणि इन्सुलिन सुटते. ग्लिमेपिराइड आणि ग्लिक्लाझाइड या गोळ्यासुद्धा हीच वाहिनी बंद करतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.
- अलॅनिन आणि ग्लायसिन: ही सोडियम सोबत घेऊन आत येतात आणि त्या सोडियमच्या भारामुळे पेशी उत्तेजित होते.
- अल्फा पेशी: आर्जिनिन, अलॅनिन आणि ग्लुटामिन यांच्यामुळे इथून ग्लुकागॉन सुटते.
- आतडे: प्रथिने आतड्यात पोचली की तिथून जीएलपी-1 आणि जीआयपी ही हार्मोन बाहेर पडतात. ती बीटा पेशींना आणखी इन्सुलिन सोडायला लावतात. जीएलपी-1 जठर रिकामे होण्याचा वेगही कमी करते.

निरोगी माणसाने नुसते पनीर किंवा नुसती अंडी खाल्ली तरी त्याची शुगर घसरत नाही, ती याच दुहेरी योजनेमुळे. प्रथिनांनी सुटलेले इन्सुलिन साखर खाली ओढते आणि त्याच वेळी सुटलेले ग्लुकागॉन तिला सावरते. मधुमेहात हा तोल बिघडतो. तो कोणत्या बाजूला बिघडला आहे, ते पाहिल्याशिवाय ताट बदलू नका.

पहिला प्रश्न: तुमचा मधुमेह कोणत्या प्रकारचा?

टाइप 2. बीटा पेशी अजून काम करत असतात, पण साखर वाढल्यावर त्यांचा प्रतिसाद मंद आणि उशिरा येतो. अमिनो आम्लांना मात्र त्या बऱ्यापैकी दाद देतात. त्यामुळे बेताची प्रथिने खाल्ली तर इन्सुलिन वाढते आणि शुगर सहसा चढत नाही. पण अल्फा पेशीही गरजेपेक्षा जास्त ग्लुकागॉन सोडत असतात, विशेषतः यकृतात चरबी साठली असेल तर. ग्लुकागॉन एरवी यकृताला अमिनो आम्ले मोडून त्यांचा युरिया करायला सांगते. चरबीने भरलेले यकृत ही आज्ञा नीट पाळत नाही, आम्ले रक्तात रेंगाळतात आणि अल्फा पेशींना आणखी चेतवतात. फॅटी लिव्हर असलेल्यांनी पावडरपेक्षा वजन आणि कंबरेचा घेर यांकडे आधी पाहावे, ते यासाठी.

टाइप 1. बीटा पेशी जवळपास संपलेल्या असतात, म्हणून प्रथिनांनी इन्सुलिन वाढत नाही. ग्लुकागॉन मात्र वाढते. त्यामुळे भरपूर प्रथिनांच्या जेवणानंतर दोन तासांची शुगर ठीक दिसते आणि साधारण तीन ते पाच तासांनी ती वर जाते. रात्रीच्या चिकननंतर पहाटे दिसणारा चढ बहुधा हाच असतो. जेवणातली कर्बोदके तेवढी मोजून डोस ठरवणाऱ्यांना तो कळत नाही.

स्वादुपिंडाच्या आजारानंतरचा मधुमेह. वारंवार सूज येऊन, खडे होऊन किंवा शस्त्रक्रियेने स्वादुपिंडाचा भाग गेल्यास बीटा आणि अल्फा दोन्ही पेशी कमी होतात. ग्लुकागॉनचा आधार नसल्याने अशा रुग्णांची शुगर अचानक आणि खोल घसरू शकते. शिवाय पाचक रसही अपुरा असतो, म्हणजे प्रथिने खाल्ली तरी त्यांची आम्ले पुरेशी होत नाहीत. शौचाला तेलकट आणि दुर्गंधीयुक्त होत असेल, वजन उतरत असेल, तर प्रथिने वाढवण्याआधी पाचक विकरांच्या कॅप्सूलविषयी डॉक्टरांना विचारा. ती जेवणासोबत घ्यायची असते, नंतर नाही.

प्रकार नक्की माहीत नसेल तर सी-पेप्टाइड ही रक्तचाचणी उपयोगी पडते. इन्सुलिन तयार होताना सी-पेप्टाइड तेवढ्याच प्रमाणात सुटते, म्हणून बाहेरून इन्सुलिन घेत असलात तरी तुमच्या बीटा पेशी स्वतः किती बनवतात ते यातून कळते. त्याच वेळची शुगरही मोजावी लागते. नुसत्या एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नका.

दुसरा प्रश्न: तुम्ही कोणते औषध घेता?

गोळीच्या पाकिटावरचे ब्रँडचे नाव सोडा, खाली बारीक अक्षरांत लिहिलेले औषधाचे मूळ नाव वाचा. अनेक गोळ्यांत दोन किंवा तीन औषधे एकत्र असतात.

- ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड: या गोळ्या शुगर कितीही असली तरी इन्सुलिन सोडायला लावतात. भात-पोळी कमी करून प्रथिने वाढवलीत, तर साखर येणे कमी होते आणि इन्सुलिनचा रेटा तसाच राहतो. ल्युसिनसारखी आम्ले त्याच वाहिनीवरून त्यात भर घालतात. उसळ-अंड्यांवर आलेल्यांचे दुपारी हात थरथरतात, त्यामागे हे कारण असू शकते. आहार बदलण्याच्या *आधी* डोस कमी करावा लागेल का, ते विचारा.
- इन्सुलिन: कर्बोदके कमी केलीत तर जेवणाआधीचा डोस तोच ठेवणे धोक्याचे आहे. उलट, मोठ्या प्रथिनांच्या जेवणाला टाइप 1 रुग्णांना डोस थोडा वाढवावा किंवा विभागून घ्यावा लागू शकतो. हा हिशेब डॉक्टरांसोबत नोंदी पाहून करायचा असतो, स्वयंपाकघरात अंदाजाने नाही.
- मेटफॉर्मिन: एकटे असेल तर शुगर लो होण्याचा धोका फार कमी.
- सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन: ही औषधे जीएलपी-1 लवकर नष्ट होऊ देत नाहीत. एकटी असताना शुगर सहसा लो करत नाहीत, पण ग्लिमेपिराइडसोबत दिलेली असतील तर या यादीतला पहिला मुद्दा लागू.
- डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन: ही लघवीतून साखर बाहेर टाकतात. यांच्यासोबत कर्बोदके जवळपास बंद करून ‘कीटो’ आहार करू नका. शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर प्रकार यात होऊ शकतो. मळमळ, पोटदुखी, धाप आणि कमालीचा थकवा ही त्याची लक्षणे आहेत. ती दिसली तर ग्लुकोमीटरवरच्या बऱ्या आकड्यावर विसंबू नका, थेट रुग्णालयात जा.
- सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड: यांनी भूक मंदावते. वजनासोबत स्नायूही घटू शकतात, म्हणून थोडे खाताना त्यात प्रथिने असतील याची काळजी घ्या आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा.
- मधुमेहाबाहेरची औषधे: पार्किन्सनसाठीचे लेव्होडोपा आतड्यात आणि मेंदूत अमिनो आम्लांच्याच वाहकांनी शिरते. मोठ्या प्रथिनांच्या जेवणासोबत घेतल्यास त्याचा परिणाम घटू शकतो. थायरॉइडची गोळीही सकाळी रिकाम्या पोटी घ्या. दूध किंवा सोयाच्या पेयाबरोबर नको.

तिसरा प्रश्न: किडनीची तपासणी कधी झाली?

मधुमेहींनी वर्षातून निदान एकदा दोन तपासण्या करायच्या असतात: रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर आणि लघवीतल्या अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर. ईजीएफआर तीन महिन्यांहून अधिक काळ 60 च्या खाली असेल, किंवा हे गुणोत्तर पुन्हा पुन्हा 30 मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर येत असेल, तर किडनीला इजा झाल्याचे मानतात.

- दोन्ही तपासण्या ठीक असतील, तर गरजेपुरती प्रथिने खायला भिण्याचे कारण नाही.
- किडनीचा आजार असेल आणि डायलिसिस सुरू नसेल, तर दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 0.8 ग्रॅम हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक प्रमाण आहे. पावडर टाळा.
- डायलिसिस सुरू असेल, तर प्रथिनांची गरज उलट वाढते. घरच्यांनी ‘किडनी आहे, डाळ बंद’ असा नियम लावून रुग्णाला कुपोषित करू नये.

किती आणि कशातून?

भारतीय प्रौढांसाठी आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. 60 किलो वजनाच्या माणसाला म्हणजे साधारण 50 ग्रॅम. ती कशातून मिळतात, याचा ढोबळ अंदाज असा:

- एक अंडे: 6 ग्रॅम
- 30 ग्रॅम कोरड्या तूरडाळीचे वरण: 6 ते 7 ग्रॅम
- 30 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ: सुमारे 6 ग्रॅम
- दूध 200 मिलिलिटर: 6 ते 7 ग्रॅम
- पनीर 50 ग्रॅम: सुमारे 9 ग्रॅम
- सोया चंक्स, कोरडे 30 ग्रॅम: सुमारे 15 ग्रॅम
- चिकन किंवा बांगडा, हाडे-काटे वगळून 100 ग्रॅम: सुमारे 20 ग्रॅम
- शेंगदाणे 30 ग्रॅम: सुमारे 7 ग्रॅम
- 50 ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी: सुमारे 5 ग्रॅम

तीन भाकऱ्या, एक वाटी वरण, एक वाटी उसळ, एक पेला दूध आणि दोन अंडी एवढ्यात 60 किलोच्या माणसाची गरज जवळजवळ भागते. अंडी न खाणाऱ्यांनी त्या जागी पनीर किंवा सोया घ्यावा.

इथे दोन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली म्हणजे डाळ ही नुसती प्रथिने समजणे. 30 ग्रॅम तूरडाळीत प्रथिने साडेसहा ग्रॅम, पण कर्बोदके सोळा-सतरा ग्रॅम असतात. ‘प्रथिनांसाठी’ म्हणून चार वाट्या वरण प्यायलात तर शुगर चढणारच. दुसरी चूक उपवासाची. साबुदाण्यात प्रथिने जवळपास नसतातच, आणि खिचडीतल्या दाण्याच्या कुटाने ती उणीव भरून निघत नाही. उपवास करायचाच असेल तर दही, दूध, पनीर, राजगिरा यांना जागा द्या, आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेत असाल तर त्या दिवशीचा डोस आधी विचारून घ्या.

ताटातला क्रम बदलून पाहा

टाइप 2 असलेल्यांना प्रथिनांचा फायदा घेण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे ती कर्बोदकांच्या आधी खाणे. न्यूयॉर्कमधल्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी 2015 मध्ये मेटफॉर्मिन घेणाऱ्या 11 जणांना तेच जेवण दोन क्रमांनी दिले. आधी भाज्या आणि चिकन, मग पंधरा मिनिटांनी पाव आणि संत्र्याचा रस, असा क्रम ठेवला तेव्हा तासाभरानंतरची शुगर सुमारे 37 टक्क्यांनी कमी निघाली. इस्राएलमध्ये 2014 च्या एका प्रयोगात न्याहारीआधी 50 ग्रॅम व्हे दिल्यावर नंतरच्या तीन तासांतली शुगर 28 टक्क्यांनी कमी राहिली. प्रयोग लहान आहेत. पण आतड्यातल्या जीएलपी-1 ची आणि बीटा पेशींची जी रीत वर सांगितली, तिच्याशी ते जुळतात, आणि क्रम बदलायला पैसे पडत नाहीत.

आपल्याकडे अनेक घरांत जेवणाची सुरुवात वरण-भात-तुपाने होते. ती शेवटाला न्या.

1. आधी कोशिंबीर आणि पालेभाजी.
2. मग उसळ, अंडे, मासा, पनीर किंवा घट्ट दही.
3. दहा-पंधरा मिनिटांनी, किंवा निदान हे संपल्यावर, भाकरी-पोळी आणि शेवटी थोडा भात.
4. पोह्यांच्या न्याहारीला आधी एक-दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर मोडाची मटकी, पोहे नंतर आणि निम्मे.

वरण घट्ट असेल तर ते दुसऱ्या पायरीवर चालेल. ताकाला मात्र दह्याचा मान देऊ नका. पाणी घातलेल्या ताकात प्रथिने फार थोडी असतात.

टाइप 1 असलेल्यांनी हा क्रम जरूर पाळावा, पण इन्सुलिनची वेळ त्याप्रमाणे बदलावी लागू शकते, हे ध्यानात ठेवूनच. जेवणाआधी नेहमीसारखे इन्सुलिन घेतले आणि कर्बोदके उशिरा पोटात गेली, तर मधल्या वेळेत शुगर घसरू शकते.

स्वतःवर चाचणी घ्या, पण पद्धतशीर

दुसऱ्याच्या अनुभवापेक्षा तुमचा ग्लुकोमीटर अधिक खरे सांगेल.

1. असे एक जेवण निवडा जे तुम्ही आठवड्यातून अनेकदा घेता. कर्बोदकांचे माप तेच ठेवा.
2. काही दिवस नेहमीप्रमाणे जेवा, काही दिवस फक्त एकच बदल करा: क्रम किंवा प्रथिनांचे माप. दोन्ही एकदम बदलू नका.
3. जेवणाआधी, पहिल्या घासापासून दोन तासांनी आणि चार तासांनी शुगर मोजा. टाइप 1 असेल तर चार तासांचा आकडा चुकवू नका.
4. आकड्याशेजारी चालणे, औषधाची वेळ आणि झोप लिहा. जेवणानंतर फिरून आलात तर तो दिवस वेगळा धरा.
5. थोड्या फरकाला महत्त्व देऊ नका. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ग्लुकोमीटरच्या आकड्यात 15 टक्क्यांपर्यंतची चूक मान्य आहे. 150 आणि 165 हे दोन आकडे प्रत्यक्षात सारखेच असू शकतात.
6. तोच कल अनेक दिवस दिसला तरच तो खरा धरा.

शुगर लो झाली तर दूध नको

शुगर 70 च्या खाली गेली की घरात पहिल्यांदा दूध, पेढा किंवा बिस्कीट पुढे येते. त्या क्षणी हे चुकीचे आहे. दुधातली प्रथिने टाइप 2 च्या रुग्णात इन्सुलिन आणखी वाढवतात, आणि स्निग्धांश साखर पोचण्याचा वेग कमी करतो. अमेरिकन डायबेटिस असोसिएशननेही लो शुगरवर प्रथिने जास्त असलेले पदार्थ वापरू नका असे सांगितले आहे.

- तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात विरघळवून द्या, म्हणजे साधारण 15 ग्रॅम.
- 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. 70 च्या वर आली नसेल तर तेवढेच परत द्या.
- शुगर सावरल्यावर मग पोळी, दूध, अंडे काहीही खा. तेव्हा प्रथिने चालतात.
- व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेत असाल तर साखर चालणार नाही. या गोळ्या आतड्यात साखरेचे विघटन रोखतात. ग्लुकोज पावडरच लागेल. ती पिशवीत ठेवा.
- रुग्ण बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. 108 ला फोन करा.

पावडर, बीसीएए आणि आर्जिनिन

आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पावडर टाळा, असा स्पष्ट सल्ला दिला आहे. म्हातारपणी घास कमी झाला आहे, आजारातून उठलात किंवा भूक मंदावणारे औषध सुरू आहे, अशा वेळी डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ पावडर सुचवू शकतात. घ्यायची असेल तर डब्यावर हे पाहा:

- एका मापात किती? प्रथिनांसोबत कर्बोदकांचा आकडा वाचा. ‘मास गेनर’ प्रकारच्या डब्यांत कर्बोदकेच जास्त असतात.
- माल्टोडेक्स्ट्रिन आहे का? पुढे ‘साखर नाही’ लिहिलेले असू शकते, पण माल्टोडेक्स्ट्रिन शुगर झपाट्याने वाढवते.
- ग्लायसिन, टॉरिन, क्रिएटिन घटकांत वरच्या जागी आहेत का? प्रथिनांचे प्रमाण अनेकदा नायट्रोजन मोजून काढतात. स्वस्त सुटी आम्ले मिसळली की आकडा फुगतो, प्रत्यक्ष पूर्ण प्रथिने तेवढी नसतात.
- एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक आणि मुदत आहे का?

बीसीएए म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन. रक्तात ही तीन आम्ले जास्त असणे आणि इन्सुलिनला दाद न मिळणे यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. ते कारण की परिणाम, यावर वाद आहे. पण पुरेसे दूध, डाळ, अंडी खाणाऱ्या मधुमेहीने ती वेगळी विकत घ्यावीत, असे कोणतेही कारण नाही. आर्जिनिनने प्रयोगशाळेत इन्सुलिन सुटते, म्हणून त्याची पावडर मधुमेहावर औषध ठरत नाही. गरोदरपणात डॉक्टरांनी ती वेगळ्या कारणासाठी लिहून दिली असेल, तर घ्या. शुगरसाठी स्वतः सुरू करू नका.

लहान मुलांच्या बाबतीत

एखादे बाळ किंवा लहान मूल दूध, पनीर, अंडे असे प्रथिनांचे खाणे झाल्यावर तासा-दोन तासांत सुस्त पडत असेल, घामाघूम होत असेल किंवा त्याला फिट येत असेल, तर त्याच वेळी शुगर मोजा आणि बालरोगतज्ज्ञांकडे न्या. ल्युसिनने चेतवले जाणारे ग्लुटामेट डीहायड्रोजिनेज हे विकर काही मुलांत जन्मतःच अतिसक्रिय असते. अशा मुलांत प्रथिनांनी इन्सुलिन गरजेपेक्षा फार जास्त सुटते, आणि रक्तातला अमोनियाही वाढलेला असतो. आजार दुर्मीळ आहे, पण त्यावर औषध आहे. निदान होईपर्यंत घरी प्रथिने खायला घालून ‘पाहण्याचा’ प्रयोग करू नका.

तुमचे हक्क

- माहिती आणि दुसरे मत: राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत आजार, औषध आणि खर्च यांची माहिती मिळण्याचा, तसेच दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा हक्क आहे. औषध किंवा तपासणी कुठून घ्यायची, हेही तुम्ही ठरवू शकता. क्लिनिकच्याच काउंटरवरून पावडर घेण्याची सक्ती कुणी करू शकत नाही.
- कागदपत्रे: वैद्यकीय व्यावसायिकांच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत तुमच्या उपचारांच्या नोंदी द्याव्या लागतात.
- खोट्या जाहिराती: ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी जाहिरात करणे औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे. प्रथिनांच्या डब्यावर असा दावा दिसला तर घेऊ नका.
- तक्रार: डबा, बिल आणि लेबलाचा फोटो जपा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. भेसळ किंवा लेबलाबद्दलची तक्रार ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अॅपवर करता येते.

डॉक्टरांकडे जाताना

सोबत चार गोष्टी न्या: सगळ्या गोळ्यांची पाकिटे, किडनीचे शेवटचे दोन अहवाल, जेवणाआधीच्या आणि दोन व चार तासांनंतरच्या शुगरची वही, आणि पावडर घेत असाल तर तिचे लेबल. मग तीन प्रश्न थेट विचारा: ‘माझ्या बीटा पेशी किती काम करतात?’, ‘मी भात-पोळी कमी केली तर कोणत्या गोळीचा डोस बदलेल?’ आणि ‘माझ्या किडनीला दिवसाला किती प्रथिने चालतील?’

या तिन्हींची उत्तरे कागदावर लिहून मिळेपर्यंत ताटातला क्रम बदलायला हरकत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तेवढी त्याची वेळ विचारून घ्यावी. प्रथिनांचे माप मात्र उत्तरे मिळाल्यानंतरच वाढवा.